न हसणारा विनोदवीर : बस्टर कीटन



बस्टर कीटनबद्दल मराठी श्रोत्यांसमोर बोलायचं तर पहिली अडचण चॅप्लिनची असते. चॅप्लिन आपल्या घरातला आहे. त्याची काठी, त्याची मिशी, ती बदकासारखी चाल, सगळं आपल्याला पाठ आहे. राज कपूरने तो अर्धा का होईना, आपल्याकडे आणला, रुजवला. कीटनचं तसं झालं नाही. त्याला इथे कोणी वारस भेटला नाही आणि भेटणं अवघडही होतं. कारण चॅप्लिन प्रेक्षकाकडे बघतो, त्याला डोळा मारतो, प्रसंगी त्याच्या खांद्यावर मान टाकून रडतो. कीटन प्रेक्षकाकडे काहीच मागत नाही. दया नाही, प्रेम नाही, टाळीसुद्धा नाही. तो आपल्या कामात असतो. आता जो माणूस काही मागत नाही त्याला काय द्यायचं हे आपल्याला कळत नाही, आणि मग आपण त्याला जबरदस्तीने करुणा देऊन टाकतो. 'बिचारा कीटन, उदास डोळ्यांचा, दारूने आणि स्टुडिओने संपवलेला.' आज आम्हाला ह्या 'बिचारा' शब्दाशी भांडायचं आहे. चॅप्लिन मोठा की कीटन, ह्या वादात आम्ही पडणार नाही. तो वाद चहाच्या टेबलावर ठीक आहे.

थोडं चरित्र सांगणं भाग आहे. जन्म 4 ऑक्टोबर 1895, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं पिक्वा नावाचं खेडं. आईबाप, म्हणजे मायरा आणि जो कीटन, फिरत्या रंगमंचावरचे कलावंत. ज्याला तिकडे व्हॉडव्हिल म्हणत, म्हणजे एका तिकिटात गाणं, जादू, कसरत, नकला, सगळं. आपल्याकडे तमाशा, सर्कस आणि ऑर्केस्ट्रा एकत्र केला तर जे होईल ते. खरं नाव जोसेफ फ्रँक. 'बस्टर' हे नाव जादूगार हुडिनीने दिलं, हे पोर जिन्यावरून गडगडत खाली आलं आणि त्याला काहीच झालं नाही तेव्हा, अशी कथा घरच्यांनी आयुष्यभर सांगितली. कथा छान आहे, तिच्यावर फार विसंबू नये. मुलगा चारपाच वर्षांचा झाला आणि आईबापांच्या खेळात सामील झाला. 'थ्री कीटन्स' असा तो खेळ. खेळ काय, तर बाप मुलाला शिस्त लावू पाहतो, मुलगा ऐकत नाही, आणि बाप मुलाला उचलून फेकतो. पडद्यावर, विंगेत, कधी खाली वादकांच्या अंगावर. मुलाच्या कपड्यांना पाठीमागे सुटकेसची मूठ शिवलेली असे, पकडायला सोपं जावं म्हणून!

इथे थांबायला हवं. आपण हसलो, आणि हसल्यावर आपल्याला जरा अपराधी वाटलं. ते वाटणं रास्तच आहे. आपल्या गल्लीत डोंबारी येत असे. ढोलकं वाजायचं, सात-आठ वर्षांची पोर हातात काठी धरून दोरावरून चालायची, आपण गच्चीतून बघायचो आणि नाणं टाकायचो. ती पोर पडावी अशी आपली इच्छा नसे. पण ती पडण्याची शक्यता नसती तर आपण बघायला थांबलो असतो का? कीटनचा बाप मुलाला फेकत होता तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मुलांवरच्या क्रौर्याला आळा घालणारी संस्था होती, तिने ह्या खेळावर वारंवार हरकत घेतली, मुलाला तपासलं. पोरगा पडण्यात इतका तरबेज होता की अंगावर खूण सापडेना. स्वतः कीटनने म्हातारपणापर्यंत हेच सांगितलं की आपल्याला इजा होत नव्हती, आपल्याला मजा येत होती. हे खरं मानायचं का? आम्हाला वाटतं, पूर्ण खोटंही मानू नये आणि पूर्ण खरंही. कारण पुढे बापाची दारू वाढली, दारू पिऊन फेकणारा हात चुकायला लागला, आणि 1917 च्या सुमारास मुलाने आणि आईने तो खेळ सोडला. बापाच्या हाताची अचूकता ही ज्याच्या जिवाची हमी होती, त्या मुलाला अचूकता म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्याकडे यायचं आहे.

दुसरी गोष्ट त्याला त्याच रंगमंचावर कळली. आपण आपटल्यावर हसलो तर लोक कमी हसतात. आपण गंभीर राहिलो तर लोक जास्त हसतात. हा शोध एका लहान मुलाचा आहे, निव्वळ अनुभवातून काढलेला, आणि त्यावर त्याने पुढची साठ वर्षं काढली.

आता आमच्या जुन्या धंद्याकडे वळतो. भरताच्या नाट्यशास्त्रात सहाव्या अध्यायात हास्यरसाची चर्चा आहे. स्मित, हसित, विहसित वगैरे सहा प्रकार आपल्याला परीक्षेपुरते पाठ असतात. पण त्याच्या आधी भरत एक भेद करतो त्याकडे फार कमी लक्ष जातं. हास्य आत्मस्थ असतं आणि परस्थ असतं. स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवतो ते परस्थ. बहुतेक विनोदी नट ह्या दोन्हींची सरमिसळ करतात. स्वतः थोडं हसून आपल्याला हसण्याची परवानगी देतात. आपले दूरचित्रवाणीवरचे विनोदी कार्यक्रम आठवा. तिथे तर परीक्षकही हसून दाखवतात, न जाणो आपल्याला कळलं नाही तर! (हशा) कीटनने आत्मस्थ हास्य मुळापासून कापलं. शुद्ध परस्थ. आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारं उदाहरण पडद्यावर नाही, पुस्तकात आहे. चिं. वि. जोशींचा चिमणराव. चिमणराव स्वतःची फजिती इतक्या गांभीर्याने, इतक्या चोख तपशिलाने सांगतो की आपण विनोदी आहोत हे त्याच्या गावीही नसतं. पण चिमणराव बोलतो. आपली विनोदाची सगळी परंपराच बोलण्याची आहे, कोटीची, उपहासाची, नाटकातल्या टोल्याची. आपण विनोद ऐकतो. कीटन बघावा लागतो, आणि बघण्याची सवय आपल्याला जरा कमी आहे.

1917 साली न्यूयॉर्कमध्ये कीटनची गाठ रॉस्को आर्बकलशी पडली. अगडबंब देहाचा, त्या काळी चॅप्लिनच्या बरोबरीने लोकप्रिय असलेला नट. त्याच्या 'द बुचर बॉय' ह्या लघुपटात कीटन पहिल्यांदा दिसला. कथा अशी की पहिल्याच दिवशी त्याला नटांपेक्षा कॅमेऱ्यात जास्त रस वाटला, तो कॅमेरा त्याने मागून घेतला, खोलीवर नेऊन उघडला, आत काय आहे ते बघितलं आणि पुन्हा जोडला. ह्या कथेवर विसंबायला आमची हरकत नाही, कारण पुढचे सगळे चित्रपट तिची साक्ष देतात. मध्ये वर्षभर सैन्यात, फ्रान्समध्ये. तिथून येताना ऐकणं थोडं अधू करून आला. 1920 मध्ये निर्माता जोसेफ शेंकने त्याला स्वतःचं युनिट दिलं, आणि 1920 ते 1928 अशी आठ वर्षं त्याला हवं ते करता आलं. एकोणीस लघुपट, दहा मोठे चित्रपट. पटकथा लिहिलेली नसे. सुरुवात ठरवायची, शेवट ठरवायचा, मधलं आपोआप सुचतं असा त्याचा खाक्या. सुचलं नाही तर सगळं युनिट बेसबॉल खेळायला जाई. आज कोणत्या निर्मात्यासमोर हे सांगून बघा.

'वन वीक' बघा. 1920 चा, वीस-पंचवीस मिनिटांचा. नवं लग्न झालेलं जोडपं, लग्नाची भेट म्हणून त्यांना सुट्या भागांचं घर मिळतं. खोक्यांवर क्रमांक, त्याप्रमाणे जोडा की घर तयार. मुलीचा झिडकारलेला प्रियकर येऊन खोक्यांवरचे आकडे बदलतो. कीटन सूचनापत्र प्रमाण मानून घर बांधतो. दरवाजा वरच्या मजल्यावर, भिंत तिरकी, छप्पर अपुरं. तरी तो नाउमेद होत नाही. वादळात ते घर स्वतःभोवती भिंगरीसारखं फिरतं. मग कळतं की घर बांधलंय तेच चुकीच्या जागेवर, आपली जागा रुळांच्या पलीकडे आहे. घर ओढत नेतात, ते नेमकं रुळांवर अडकतं. आगगाडी येते. नवराबायको डोळे झाकून घेतात. आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. आपण हुश्श करतो. तेवढ्यात उलट्या दिशेने दुसरी गाडी येते आणि घराच्या फळ्या फळ्या करून निघून जाते.

कांटने हास्याची एक व्याख्या केली आहे. ताणलेली अपेक्षा एकाएकी शून्यात विरते तेव्हा हसू येतं. पहिली गाडी म्हणजे कांट. अगदी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. पण दुसऱ्या गाडीचं काय? तिथे अपेक्षा शून्यात विरत नाही. उलट, अपेक्षाच नाही अशा जागी शून्यातून एक धडधडीत इंजिन येतं. आणि आपण दुसऱ्या गाडीला पहिलीपेक्षा मोठ्याने हसतो. आम्ही कांट बरीच वर्षं शिकवला, पण ह्या दुसऱ्या गाडीला त्याच्याकडे उत्तर असेल असं आम्हाला वाटत नाही. आमचं उत्तर असं. पहिल्या गाडीने जगाला सुटका देण्याची सवय आहे असं आपल्याला वाटायला लावलं. दुसरी सांगते की जगाला कुठलीच सवय नाही. ते तुमच्या बाजूचं नाही, विरुद्धही नाही. त्याला त्याचं वेळापत्रक आहे. ह्यानंतर कीटन काय करतो? रडत नाही, आभाळाकडे मूठ उगारत नाही. त्या ढिगाऱ्यावर 'विकणे आहे' अशी पाटी लावतो, थोडं पुढे जाऊन आठवण होते म्हणून परत येतो, घर बांधण्याचं सूचनापत्र पाटीला जोडतो, आणि बायकोचा हात धरून चालायला लागतो. घेणाऱ्याची गैरसोय नको! चॅप्लिन रस्त्यावरून एकटा दूर जातो तेव्हा आपला गळा दाटतो. इथे तसं काही होत नाही. पण हे जोडपं आपल्याला जास्त दिवस आठवतं, निदान आम्हाला तरी.

हास्यावरचं दुसरं मोठं नाव बर्गसाँ. त्याचं 'हास्य' हे पुस्तक 1900 सालचं, म्हणजे कीटन फेकला जात होता त्याच काळातलं. बर्गसाँ म्हणतो, जिवंत माणूस यंत्रासारखा वागायला लागला की आपण हसतो. चालता चालता खड्डा आला तरी पाय पूर्वीच्याच चालीने पडतो, म्हणून माणूस पडतो, म्हणून आपण हसतो. आणि हसताना हृदयाला जरा भूल द्यावी लागते. चॅप्लिनला हे अगदी लागू पडतं; 'मॉडर्न टाइम्स'मध्ये नट आवळून आवळून त्याचे हात यंत्र होतात. कीटनचे टीकाकारही बर्गसाँ लावून मोकळे होतात, कारण त्याचा चेहरा हलत नाही. इथे आमचा मतभेद आहे. कीटनच्या चित्रपटात यंत्र असतंच, आगगाडी, बोट, घर, धबधबा, धोंडे. पण यंत्रासारखा वागणारा तो नाही. सगळ्या चित्रात पूर्ण जागा असलेला असा तो एकटाच. 'द जनरल'मध्ये तो इंजिन चालवणारा जॉनी ग्रे आहे. प्रेयसीने झिडकारलंय, म्हणून विषण्ण होऊन इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन हळूच चालू होतं. दांडा वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि हा आपल्या विचारात. इंजिन शेडमध्ये शिरायच्या क्षणी त्याला कळतं. चाकं जरा जास्त वेगाने फिरली असती तर तो माणूस वाचला नसता. हे दृश्य लोक 'यंत्राला जुंपलेला माणूस' म्हणून सांगतात. आम्हाला त्यात उलट दिसतं. सात-आठ वर्षांचं पोर रुसून झोपाळ्यावर बसावं तसा तो बसला आहे आणि इंजिनाने त्याला झोका दिला आहे.

'द नॅव्हिगेटर'मध्ये दोन श्रीमंत, स्वतःच्या हाताने चहासुद्धा न केलेले तरुण-तरुणी एका रिकाम्या प्रचंड जहाजावर अडकतात. शेकडो माणसांच्या स्वयंपाकघरात दोघांची न्याहारी कशी करायची? पहिल्या दिवशी फजिती. काही आठवड्यांनी बघावं तर त्यांनी दोऱ्या, कप्प्या, खटके लावून सगळं स्वयंपाकघर आपल्या मापाचं करून टाकलेलं. कीटनचा नायक जगाबद्दल तक्रार करत नाही, तो जगाचा अभ्यास करतो. जाता जाता सांगतो, हे जहाज खरंखुरं होतं, त्याचं नाव 'ब्युफर्ड', आणि 1919 मध्ये अमेरिकन सरकारने एमा गोल्डमन आणि इतर जवळजवळ अडीचशे जहालांना ह्याच जहाजात घालून रशियाला धाडलं होतं. पाच वर्षांनी त्यावर कीटन अंडं उकडत होता. इतिहासालाही थोडी विनोदबुद्धी असावी.

आता त्या घराच्या भिंतीबद्दल बोललंच पाहिजे. 'स्टीमबोट बिल, ज्युनियर', 1928. वादळ चाललंय, कीटन रस्त्यात उभा आहे, त्याच्या पाठीमागच्या दुमजली घराची दर्शनी भिंत सुटते आणि अख्खी त्याच्या अंगावर पडते. वरच्या मजल्याची उघडी खिडकी नेमकी जिथे पडते तिथे तो उभा आहे, म्हणून वाचतो. भिंत खरी होती, तिचं वजन साधारण दोन टन सांगतात. अंगाभोवती मोकळी जागा काही इंचांची. कोणती तडजोड नाही, कापाकापी नाही, एकाच शॉटमध्ये, दुरून, पूर्ण भिंत आणि पूर्ण माणूस.

काहीजण म्हणतात, त्या दिवसांत त्याचं युनिट बंद होणार हे त्याला कळलं होतं, संसारही बिघडला होता, म्हणून त्याला जिवाची पर्वा नव्हती. म्हणजे पुन्हा 'बिचारा'. आम्हाला हे वाचन पटत नाही. ज्याला मरायचं असतं तो खिडकीचं माप घेत नाही. त्याने मोजलं, बिजागऱ्या बघितल्या, उभं राहायची जागा ठरवली, आणि मग त्या जागेवरून हलला नाही. बापाच्या हाताची अचूकता आम्ही मघाशी म्हणालो, ती इथे आहे. फक्त आता फेकणारा आणि फेकला जाणारा एकच माणूस आहे. आणि दुरून, न कापता दाखवण्यामागे एक नीती आहे असं आम्ही म्हणू. तो प्रेक्षकाला फसवत नाही. जे घडलं ते असं घडलं, तुमच्या डोळ्यांनी बघा. आता संगणकावर शहरंच्या शहरं पाडतात आणि आपण खारे दाणे खात बघतो, कारण कोणाचंच काही पणाला लागलेलं नसतं.

ह्याच माणसाने खोटेपणावरचा सगळ्यात चतुर चित्रपटही काढला, 'शेरलॉक ज्युनियर', 1924. चित्रपटगृहातला प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपतो, स्वप्नात उठून पडद्यात शिरतो. तो तसाच राहतो आणि भोवतालचं दृश्य बदलत जातं. बाकावर बसायला जातो तर भर रस्ता. चालायला लागतो तर कड्याचं टोक. मग सिंह, मग वाळवंट, मग समुद्रातला खडक. पाण्यात उडी मारतो ती बर्फात. प्रत्येक जोडणीसाठी जमीन मोजणाऱ्याची उपकरणं वापरून कॅमेरा आणि नट यांच्यातलं अंतर जुळवलं होतं. ह्याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली तो रुळावर आपटला, डोकं दुखत राहिलं, आणि मानेचं हाड मोडलं होतं हे काही वर्षांनी क्ष-किरणात कळलं. चित्रपटाबद्दल आणखी खूप बोलता येईल. आपण तो बघावा, पाऊण तासाचाच आहे.

'द जनरल'कडे परत जायला हवं, कारण तिथे एक काटा आहे आणि कीटनभक्त तो चुकवतात. 1862 मध्ये अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या हेरांनी जॉर्जियातून दक्षिणेची एक गाडी पळवली. ही खरी घटना. त्या हेरांपैकी एकाने लिहिलेल्या पुस्तकावरून चित्रपट घेतला. पण कीटनने बाजू बदलली. नायक दक्षिणेचा, खलनायक उत्तरेचे. त्याचं म्हणणं असं की हरलेल्या बाजूला खलनायक केलेलं प्रेक्षकाला रुचत नाही. नाट्यदृष्ट्या हे बरोबर असेल. पण दक्षिण कशासाठी लढत होती? गुलामगिरीचा प्रश्न ह्या चित्रपटात जवळजवळ नाहीच. आपल्याकडे एखाद्याने पेशवाईच्या शेवटच्या दिवसांवर सुंदर विनोदी चित्रपट काढला आणि त्यात गावकुसाबाहेर कोणी राहत होतं हेच दाखवलं नाही, तर आपण काय म्हणू? चित्रपट सुंदर आहे म्हणून गप्प बसू? आम्ही गप्प बसणार नाही. पण तो फेकूनही देणार नाही. जॉनी ग्रेला देशप्रेम नाही, ध्येय नाही. त्याला इंजिन परत हवंय आणि मुलगी हवीय, ह्याच क्रमाने. लाकडं फोडण्यात गढलेला असताना त्याच्या पाठीमागे अख्खं सैन्य माघार घेतं आणि दुसरं सैन्य पुढे येतं, त्याला पत्ताही नाही. युद्धाची ह्याहून मोठी टवाळी आम्ही फार पाहिली नाही. कीटनची नजर त्याच्या बाजूपेक्षा शहाणी आहे. तरी बाजू ती बाजूच, आणि ती त्याच्या खात्यावर मांडावी लागते.

ह्या चित्रपटासाठी ऑरेगनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ खरा पूल बांधून, खरं इंजिन पेटत्या पुलावरून नदीत पाडलं. मूकपटांच्या काळातला सगळ्यात महागडा शॉट म्हणून त्याची ख्याती आहे. चित्रपट चालला नाही. समीक्षकांनी नाक मुरडलं. आज तो जगातल्या श्रेष्ठ चित्रपटांच्या याद्यांत असतो.

1928 मध्ये शेंकच्या सल्ल्याने तो एमजीएममध्ये गेला. चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड दोघांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. तिथे लिहिलेली पटकथा, ठरलेलं वेळापत्रक, दहा माणसांच्या सह्या. 'द कॅमेरामन' तेवढा जमला. मग बोलपट आले. ते बघवत नाहीत. पण गंमत अशी की त्यातल्या काहींनी त्याच्या उत्तम मूकपटांपेक्षा जास्त गल्ला जमवला. म्हणजे 'बोलपटाने कीटन संपवला' हे वाक्य हिशेबाच्या वहीत टिकत नाही. त्याला संपवलं असेल तर कामाची पद्धत हिरावून घेतल्याने. बेसबॉल बंद झालं, असं म्हणा हवं तर. दारू वाढली. 1932 मध्ये घटस्फोट, दोन्ही मुलांचं आडनावसुद्धा बदललं गेलं. 1933 मध्ये स्टुडिओने काढून टाकलं.

चरित्रकार इथे थांबतात, उसासा टाकतात, आणि एकदम म्हातारपणीच्या सत्कारावर उडी मारतात. मधली वर्षं मात्र आम्हाला फार महत्त्वाची वाटतात. तो परत त्याच एमजीएममध्ये गेला, इतरांसाठी गमती सुचवणारा पगारी माणूस म्हणून, आठवड्याला शंभर डॉलरवर. ज्या आवारात तो तारा होता तिथे. मार्क्स बंधूंसाठी, रेड स्केल्टनसाठी युक्त्या लिहिल्या. दारू बरीचशी आटोक्यात आणली. 1940 मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न केलं, ते शेवटपर्यंत टिकलं. आपल्याकडे ह्याला कोणी 'स्थितप्रज्ञ' म्हणेल. आम्ही म्हणणार नाही, तो शब्द फार सढळ हाताने वाटला जातो, आणि ज्याने दारूत घर घालवलं त्याला तो लावू नये. पण काम आहे तोवर कामावर जायचं, हुद्दा कोणता हे नंतर बघू, ही वृत्ती त्याच्यात होती. 'वन वीक'मधल्या सूचनापत्राची आठवण होते.

1949 मध्ये जेम्स एजीने 'लाइफ'मध्ये मूकपटातल्या विनोदावर मोठा लेख लिहिला आणि लोकांना कीटन पुन्हा आठवला. 'सनसेट बुलेव्हार्ड', चॅप्लिनबरोबर 'लाइमलाइट', 1960 मध्ये मानद ऑस्कर. हे आपल्याला ठाऊक आहे. आम्हाला दोन शेवटच्या कामांबद्दल बोलायचंय.

पहिलं, सॅम्युएल बेकेटचा 'फिल्म'. बेकेटने सिनेमासाठी लिहिलेली एकच पटकथा, चित्रण 1964 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला. मूळ कल्पना बर्कलेची. असणं म्हणजे कोणाच्या तरी नजरेत असणं. म्हणून एक माणूस सगळ्या नजरा टाळत पळतो, खोलीत कोंडून घेतो, आरसा झाकतो, कुत्रा-मांजर बाहेर काढतो. एकाला काढलं की दुसरं आत. शेवटी कॅमेराच त्याला गाठतो, आणि ती नजर त्याची स्वतःचीच निघते. कीटनला हे काय चाललंय ते कळलं नाही, असं सगळे हसत हसत सांगतात. तत्त्वज्ञानाच्या माणसांना हे सांगायला आवडतंच. बेकेट हॉटेलात भेटायला गेला तेव्हा कीटन दूरचित्रवाणीवर बेसबॉल बघत होता, दोघांचं बोलणं काही जमलं नाही. असेल. पण चित्रपट बघा. बेकेटने त्याचा चेहरा शेवटपर्यंत लपवला, म्हणजे जगातला सगळ्यात बोलका न बोलणारा चेहरा घेतला आणि पाठ दाखवली. त्यात जिवंत काय आहे, तर कुत्र्या-मांजराचा प्रसंग. बाकी सगळं आम्हाला प्रबंधासारखं वाटतं, आणि आम्ही आयुष्यात पुष्कळ प्रबंध वाचले आहेत. बर्कलेचं म्हणणं कीटनने 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये चाळीस वर्षं आधी, बर्कलेचं नावही न घेता, जास्त नेमकं मांडलं होतं.

दुसरं, 'द रेलरॉडर'. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा छोटा रंगीत चित्रपट, 1965 चा, मुका. एक माणूस रुळांवरच्या छोट्या मोटरगाडीवर बसून कॅनडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जातो, एवढीच गोष्ट. तो कसा बनला ह्यावर एक वेगळा माहितीपट आहे, तो मिळवून बघा. त्यात उंच पुलावरून ती गाडी जाते त्या दृश्यावरून वाद होतो. कीटनचं म्हणणं, पूल येतो तेव्हा माझ्या अंगाभोवती भलामोठा नकाशा गुंडाळला गेलेला हवा, मला काही दिसत नाही आणि गाडी चालली आहे. तरुण दिग्दर्शकाला भीती वाटते, म्हातारा माणूस, उंच पूल, तो साधं काहीतरी सुचवतो. कीटन चिडतो. धोक्याबद्दल बोलतच नाही, त्याच्या लेखी तो धोकाच नाही. गंमत कुठे आहे हे तुम्हाला दिसत नाही, ह्याचा त्याला राग आहे. तेव्हा तो एकोणसत्तरीत होता, खोकला लागला होता. दीड वर्षाच्या आत, 1 फेब्रुवारी 1966 ला, तो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. शेवटी दृश्य त्याच्या म्हणण्याप्रमाणेच घेतलं. पूल येतो, नकाशा फडफडतो, त्यात गुरफटलेला कीटन उभा राहून तो सोडवू बघतो आहे, खाली खोल दरी, आणि गाडी आपल्या वेगाने पुढे चालली आहे.

एवढंच सांगायचं होतं. प्रश्न असतील तर घेऊ.